नळीतली हवा आणि निविदेतली ओळ

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई

महोदय,



मी अमरावतीचा. तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवून निवृत्त झालो. डॉक्टर नाही, आणि पुरवठादार तर नाहीच नाही. पण माझे काही विद्यार्थी अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत यंत्रं दुरुस्त करत फिरतात, आणि सणावाराला भेटले की वॉर्डातल्या गोष्टी सांगतात. हे पत्र त्यातल्या एका फार लहान गोष्टीबद्दल आहे. सलाईनच्या नळीत शिरणारा हवेचा बुडबुडा, आणि तो ओळखून पंप थांबवणारा सेन्सर.

आरोग्यमंत्र्यांना सोडून तुम्हाला लिहितोय, त्याला कारण आहे. अमरावतीची इर्विन आणि डफरीन ही रुग्णालयं वर्षानुवर्षं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे राहिली, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मंत्री वेगळे, फायली वेगळ्या. २०२३च्या कायद्यानं तुमचं प्राधिकरण उभं राहिलं आणि दोन्हीकडची मोठी खरेदी एका दाराशी आली. त्याआधी काही वर्षं ती हाफकिन महामंडळाकडे होती. म्हणजे धारणीच्या बाळाला कोणता पंप लागणार आणि अकोल्यातल्या आजोबांना कोणती बाटली टांगली जाणार, हे निविदेच्या तांत्रिक तपशिलात ठरतं. तो तपशील तुम्ही लिहिता.

आधी लोकांच्या भीतीबद्दल बोलतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही जनरल वॉर्डात रात्री बाटली संपत आली, की स्टुलावर बसलेली बाई धावत येते. "सिस्टर, पाहा ना जी, हवा चालली नयीतून! माह्या बुढ्याले काही होईन काय?" सिनेमांनी ही भीती पक्की केली आहे. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा फुकाची असते. हाताच्या शिरेतून गेलेली थोडी हवा फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, विरते आणि श्वासावाटे बाहेर पडते. जिवावर बेतणारं प्रमाण वैद्यकाच्या पुस्तकांत २०० ते ३०० मिलिलिटर, किंवा वजनाच्या किलोमागे ३ ते ५ मिलिलिटर असं दिलेलं असतं. हे आकडे अपघातांच्या नोंदींवरून आले आहेत, कारण असला प्रयोग माणसावर कुणी करणार नाही. सलाईनच्या अख्ख्या सेटमध्ये जेमतेम वीसेक मिलिलिटर मावतं. शिवाय उंचावर टांगलेली बाटली रिकामी झाली, की नळीतलं पाणी शिरेतल्या दाबाशी बरोबरी होईल तेवढ्या उंचीवर येऊन थांबतं. मागची हवा आपसूक आत ढकलली जात नाही. तेव्हा "काही होत नाही, मावशी" असं सांगणारी सिस्टर खरं तेच सांगते.

म्हणून प्रत्येक खाटेला सेन्सरवाला पंप द्या, अशी माझी मागणी नाही. ती मूर्खपणाची ठरेल.

धोका जिथे आहे तिथे मात्र तो पुरता आहे. मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत टाकलेली सेंट्रल लाइन उघडी राहिली आणि रुग्णानं खोल श्वास घेतला, तर छातीतला उणा दाब बाहेरची हवा ओढून घेतो. मोठ्या सुईतून ती सेकंदाला १०० मिलिलिटरच्या वेगानं जाऊ शकते, असा हिशेब पुस्तकांत आहे. अपघातातल्या रुग्णाला घाईनं रक्त किंवा सलाईन द्यायची म्हणून पिशवीभोवती दाबाचा पट्टा आवळला, तर पिशवीत उरलेली हवाही त्याच जोरानं आत जाते. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मावेळचं छिद्र साधारण चारांतल्या एका माणसात पुरतं बुजलेलं नसतं. अशा माणसात फुफ्फुसाची गाळणी चुकवून बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. नवजात बाळात तर ते छिद्र नुकतंच मिटू लागलेलं असतं.

आता बाळांबद्दल, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे.

मेळघाटातून येणारं कमी वजनाचं बाळ दीड किलोचं धरा. किलोमागे ३ मिलिलिटरचा हिशेब लावला तर साडेचार मिलिलिटर हवा म्हणजे मृत्यू. हृदयातला आडमार्ग उघडा असल्यानं प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी हवाही घात करू शकते. या बाळाला औषध दिलं जातं ते सिरिंज पंपानं. पन्नास मिलिलिटरची सिरिंज, तिला पुढे सुमारे दीड मीटरची बारीक नळी, आणि तासाला दोन-तीन मिलिलिटरचा वेग. महोदय, आता हे नीट वाचा: सिरिंज पंपात हवा ओळखणारा सेन्सर बहुधा नसतोच. तो असतो मोठ्यांच्या बाटलीवर चालणाऱ्या व्हॉल्यूमेट्रिक पंपात. सिरिंज भरणाऱ्यानं ती हवा काढूनच लावली असेल, हे गृहीत धरून सिरिंज पंप बनतो. परिणामी बुडबुडा जिथे सगळ्यांत घातक, तिथे तो पकडायला सिस्टरचे दोन डोळे आणि टिचकी मारणारं एक बोट.

आणि हवा आत गेली नाही, नुसती नळीत अडकली तरी बाळाचं नुकसान होतंच. तासाला ३ मिलिलिटरच्या वेगानं अर्धा मिलिलिटरचा बुडबुडा सरकायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं औषध बंद. रक्तदाब टिकवण्यासाठी डोपामाइन चालू असेल, तर त्याचा असर दोन-चार मिनिटांत ओसरू लागतो. बाळाचा दाब का घसरला, हे कुणाला कळत नाही, कारण पंप व्यवस्थित चालू असतो आणि पडद्यावर आकडे बरोबर दिसत असतात.

यावर उपाय आहे, आणि तो कुठल्याही मोठ्या यंत्राहून स्वस्त आहे. बाळ आणि सिरिंज यांच्यामध्ये बसणारं हवा काढणारं फिल्टर. त्याच्या एका पडद्यातून पाणी जातं, हवा जात नाही. दुसऱ्या, पाणी न धरणाऱ्या पडद्यातून हवा बाहेर निसटते. साध्या द्रावणांना ०.२ मायक्रॉनचं, आणि स्निग्धांश असलेल्या पोषणाला १.२ मायक्रॉनचं. हे फिल्टर ठरावीक तासांनी बदलावं लागतं, म्हणजे ती सतत लागणारी वस्तू आहे. आपल्या खरेदीत यंत्र हा 'भांडवली खर्च' असतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. फिल्टर वेगळ्या लेखाशीर्षात जातं आणि त्या शीर्षातले पैसे आधी संपतात. फिल्टरचा फोटो कुणी काढल्याचं मी पाहिलं नाही.

त्यात आपला रस्ता. धारणीहून अमरावतीला येणारी १०८ची गाडी हरिसाल, सेमाडोह करत घाट उतरून परतवाड्याला येते. दीडशेच्या आसपास किलोमीटर. नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेले बारीक बुडबुडे घाटातल्या हादऱ्यांनी सुटतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात. वॉर्डात बसवून तपासलेला पंप आणि त्या गाडीत चाललेला पंप एक नव्हे. तुमच्या तपशिलात 'रुग्णवाहिकेत वापरण्यायोग्य' हे दोन शब्द असले, तरी त्या गाडीत बसून कुणी चाचणी घेतली आहे का?

आता सेन्सरबद्दल. हा माझा विषय, तेव्हा जरा मोकळेपणानं लिहितो. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरून कितीही हाका मारा, त्याला ऐकू येत नाही. आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो. सेन्सर याच गोष्टीवर चालतो. नळीच्या एका बाजूला दाबविद्युत स्फटिक, दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा. पहिला मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, कानाला न ऐकू येणारा ध्वनी पाठवतो. नळीत द्रव असेल तर ध्वनी पलीकडे पोचतो. ध्वनीला होणारा पाण्याचा अडथळा हवेच्या साडेतीन हजार पट असल्यानं, मध्ये बुडबुडा आला की जवळजवळ सगळा ध्वनी परततो आणि पलीकडचा स्फटिक गप्प होतो. किती वेळ गप्प राहिला आणि द्रवाचा वेग किती, यावरून बुडबुड्याचं आकारमान कळतं. काही पंपांत ध्वनीऐवजी अवरक्त प्रकाश असतो. दोन्ही पद्धती जुन्या आहेत, पक्क्या आहेत, आणि सेन्सर सहसा बिघडत नाही.

बिघडतं ते बाकीचं. एक विद्यार्थी अकोल्याहून मला सांगत होता, "सर, पंपाले काही झालंच नाही जी, सेटच दुसऱ्या कंपनीचा होता." ध्वनी पलीकडे जायला नळी दोन्ही स्फटिकांना घट्ट टेकावी लागते. पंप ज्या सेटवर जुळवून दिला, त्याऐवजी बाजारातला स्वस्त, जरा बारीक किंवा कडक नळीचा सेट लावला, की मध्ये फट राहते. फट म्हणजे हवा. पंप ओरडतो, "एअर इन लाइन." सिस्टर धावते, नळीत काहीच नसतं. दुसऱ्यांदा धावते. पुढच्या वेळी ती आवाज बंद करते, किंवा पंप कपाटात जातो आणि सलाईन पुन्हा हातानं फिरवायच्या रोलरवर. खोट्या घंटेनं कंटाळलेल्या माणसाला दोष देणं सोपं आहे. तिच्याकडे त्याच वेळी किती खाटा होत्या, हेही मग विचारावं लागेल.

आणखी एक खोटी घंटा आपल्या हवामानाची. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे १८ ते १९ मिलिलिटर हवा विरघळलेली असते, चाळीस अंशांना १४च्या आसपास. म्हणजे थंड भांडारातून काढलेली सलाईन अकोल्याच्या मे महिन्यातल्या बिनएसी वॉर्डात टांगली, की एका लिटरमागे चारेक मिलिलिटर हवा नळीत आणि चेंबरमध्ये बारीक दाण्यांसारखी दिसू लागते. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या गावात पंप जास्त ओरडणार, हे उघड आहे. सगळ्या घंटा एकाच मर्यादेवर बांधून दिलेला पंप इथे टिकत नाही. ती मर्यादा वॉर्डानुसार बदलता आली पाहिजे, आणि बदलली तर कुणी, केव्हा, याची नोंद पंपात राहिली पाहिजे. इन्फ्युजन पंपांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०६०१-२-२४, हवेपासून रुग्णाचं रक्षण करणारी सोय मागतं. किती हवेला घंटा वाजणार, हे उत्पादकानं पुस्तिकेत सांगायचं असतं. ती ओळ वाचून दर भरणाऱ्याला पात्र ठरवणं तुमच्या हातात आहे.

आता बाटलीकडे वळतो. आपल्याकडे सलाईन बहुतांशी अर्धकडक प्लास्टिकच्या बाटलीत येते. आतलं पाणी कमी झालं की ती पुरती चपटी होत नाही, थेंब मंदावतात. मग काय करतात, तर बाटलीच्या बुडात सुई खुपसतात, बाहेरची हवा आत घेण्यासाठी. देशभरच्या दवाखान्यांत हे इतकं सवयीचं झालं आहे, की कुणाला खटकत नाही. म्हणजे एका बाजूला हवा ओळखणारं यंत्र घ्यायचं, आणि दुसऱ्या बाजूला हवेला, तिच्यासोबत धुळीला आणि जंतूंना, वॉर्डातूनच दार उघडून द्यायचं. पूर्ण चपटी होणारी पिशवी असेल तर सुईची गरजच नाही. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिको या चार देशांतल्या अतिदक्षता विभागांचे अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये छापले गेले: अशा उघड्या बाटल्या सोडून बंद पिशव्या आणल्यावर सेंट्रल लाइनमधून होणारा रक्तसंसर्ग हजार लाइन-दिवसांमागे १०.१ वरून ३.३ वर आला. निविदेत 'प्लास्टिक कंटेनर' एवढंच लिहिलं तर सर्वांत कमी दर बाटलीचाच येणार. सगळीकडे नको, पण अतिदक्षता, नवजात विभाग आणि शस्त्रक्रियागृह एवढ्यांपुरती तरी पिशवी मागा.

डायलिसिसबद्दल थोडक्यात, कारण तिथलं यंत्र बरंच शहाणं आहे. आमचा पूर्णेचा खारपाणपट्टा तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात मूत्रपिंडाच्या रुग्णांची वर्दळ मोठी आहे. लोक बोट पाण्याकडे दाखवतात, कारणं अनेक असतील. ही माणसं आठवड्यातून दोन-तीनदा, एकेका वेळी चार तास यंत्राला जोडलेली असतात. तिथे रक्त मिनिटाला २५० मिलिलिटरच्या वेगानं फिरतं, म्हणजे सेकंदाला चार मिलिलिटरच्या वर. शरीर आणि पंप यांच्यामधल्या भागात दाब उणा असतो. जोड सैल झाला की हवा ओढली जाते, आणि पंधरा सेकंदांत साठ मिलिलिटर पुढे सरकलेली असते. म्हणून परतीच्या नळीवर हवा अडवणारा चेंबर, त्यावर अल्ट्रासाउंड सेन्सर, आणि त्यानं इशारा देताच नळी आवळणारा चिमटा असतो. त्याच क्षणी पंपही थांबतो. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, ही केंद्रं वाढली, चांगलं झालं. तिथला सेन्सर दर रुग्णाआधी तपासला जातो का आणि त्याची नोंद कुठे राहते, एवढंच ठेकेदाराच्या करारात असू द्या.

देखभालीचं सांगायचं तर २०१५च्या सुमारास केंद्रानं वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला, तेव्हा २९,११५ सरकारी आरोग्य संस्थांतल्या ७,५६,७५० यंत्रांची मोजदाद झाली. राज्यागणिक १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद निघाली. तेव्हापासून देखभालीचे करार झाले, यंत्रांवर स्टिकर लागले. पण 'चालू' म्हणजे काय? बटण दाबलं की दिवा लागतो, ते चालू. बुडबुडा आला की थांबतो का, हे कुणी पाहिलं? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात विभागात आग लागून दहा बाळं गेली, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिट झालं. पंपांच्या घंटांचं ऑडिट व्हायला आपण कशाची वाट पाहतोय?

ते ऑडिट अवघडही नाही. इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज घ्या, ४० युनिटवाली. तिच्यावरच्या दोन युनिटांच्या खुणेत ५० मायक्रोलिटर मावतं. रुग्णाला न जोडलेल्या पंपाच्या नळीत तेवढी हवा सोडा आणि घंटा वाजते का पाहा. न वाजली तर चार युनिट, मग आठ. किती हवेला पंप जागा झाला, ते पंपावर चिकटवून ठेवा. हे कुठलीही सिस्टर पाच मिनिटांत करू शकते. यंत्र ताब्यात घेताना पुरवठादारासमोर हीच चाचणी झाल्याशिवाय पावतीवर सही होऊ नये, अशी एक ओळ निविदेत टाका.

दुसरी ओळ सेटची. पंप कोणत्याही चांगल्या सेटवर जुळवता येणारा असावा. किंवा त्याच कंपनीचे सेट आणि नवजात विभागाला फिल्टर, पंपाच्या आयुष्यभराच्या दराने, त्याच निविदेत बांधलेले असावेत. सर्वांत कमी दर काढायचा तो या सगळ्याच्या बेरजेवर काढा, नुसत्या पंपावर नको. तिसरी ओळ भाषेची. पडद्यावरची सूचना देवनागरीत यायला आता काही अडचण उरलेली नाही. मोबाइलवर येते, तर पंपावरही येईल.

आणि चुका कुठे सांगायच्या, तेही लिहून द्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० घटनांची नोंद आली, आणि त्याच काळात ८७ वेळा पंप परत मागवले गेले. नोंद होती म्हणून ते परत मागवता आले. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा फुकट क्रमांक. हा क्रमांक तुम्ही खरेदी केलेल्या प्रत्येक पंपावर छापून येऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही.

पुढची पंपांची निविदा निघण्याआधी तिचा मसुदा एकदा इर्विन, डफरीन, सर्वोपचार, अकोल्याचं लेडी हार्डिंग आणि धारणीच्या नवजात विभागात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांना वाचायला द्या. त्यांचं म्हणणं लेखी घ्या, आणि ते निविदेच्या फायलीत लावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अमरावती